सिनेमाचं कॉलेज निवडताना श्रेयनामावली वाचा

बारावीचा निकाल लागला की आठवडाभरात मला एखाददुसरा फोन येतोच. कधी लांबचे काका, कधी जुन्या वाड्यातल्या शेजारीण काकू, कधी शाळेतला मित्र. "पोराला सिनेमा करायचाय म्हणे. फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये तुझी कुणाशी ओळख आहे का?" संकलनाच्या (एडिटिंगच्या) टेबलावर इतकी वर्षं काढल्यावर ओळखी असणारच. पण त्या इथे कामाच्या नाहीत, कारण नुकत्याच बारावी झालेल्या मुलाला तिथे अर्जच करता येत नाही. पुण्याच्या फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटचे, म्हणजे एफटीआयआयचे, मुख्य अभ्यासक्रम पदवीनंतरचे आहेत. आधी कुठलीतरी पदवी, मग प्रवेश परीक्षा. एवढं सांगितलं की पलीकडे क्षणभर शांतता. मग पुढचा प्रश्न: "मग तीन वर्षं काय करायचं त्यानं?"

दरवर्षी फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून टाकतो.

बारावीनंतर रस्ते मुख्यतः दोन. पहिला म्हणजे थेट सिनेमाचीच पदवी: बीए किंवा बीएस्सी असं नाव आणि पुढे फिल्म, सिनेमा, सिनेमॅटोग्राफी असे शब्द. असे कोर्स बहुतेक खासगी विद्यापीठांत आहेत. गोरेगावच्या चित्रनगरीतलं व्हिसलिंग वूड्स, लोणी काळभोरचं एमआयटी-एडीटी ही आपल्याकडे चटकन आठवणारी नावं. दुसरा रस्ता म्हणजे कुठल्याही विषयाची पदवी आणि त्यानंतर पुण्याची एफटीआयआय, कोलकात्याची सत्यजित राय संस्था, दिल्लीच्या जामिया मिलियातलं जनसंज्ञापन केंद्र किंवा अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था (एनआयडी). मास मीडियाचे कोर्स या दोघांच्या मधे कुठेतरी येतात. त्यात जाहिरात, पत्रकारिता, जनसंपर्क सगळं थोडं थोडं असतं आणि सिनेमा तोंडी लावण्यापुरता.

माझा कल दुसऱ्या रस्त्याकडे आहे, हे आधीच सांगून टाकतो. अठराव्या वर्षी कॅमेरा चालवायला शिकणं सोपं असतं. त्या कॅमेऱ्यातून सांगण्यासारखं काही जवळ असणं अवघड. मराठी साहित्य, इतिहास, मानसशास्त्र, अगदी भौतिकशास्त्र घेऊन तीन वर्षं चांगल्या कॉलेजात काढली, फिरोदिया करंडकाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेला रात्री जागवल्या, पुरुषोत्तम करंडकाच्या एकांकिकेत कुणी उभं करेना म्हणून प्रकाशयोजना सांभाळली, फिल्म क्लबमध्ये इराणी आणि जपानी सिनेमे बघितले, तर ते शिक्षण स्वस्तात होतं आणि टिकतंही. पण ज्या मुलाला दुसऱ्या कुठल्याच विषयात बसवत नाही, त्याला जबरदस्तीनं बीकॉमला घालण्यातही अर्थ नाही. त्याच्यासाठी पहिला रस्ता आहे. फक्त तो महाग आहे आणि तिथे पारखून घ्यावं लागतं.

कागदावर नाव कुणाचं?

पालकांची सगळ्यात जास्त फसगत पदवी, डिप्लोमा आणि सर्टिफिकेट या तीन शब्दांत होते. पदवी देण्याचा अधिकार विद्यापीठाला असतो: केंद्राचं, राज्याचं, कायदा करून स्थापन झालेलं खासगी, किंवा विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) कायद्याच्या कलम ३ खाली ‘अभिमत’ (डीम्ड) दर्जा मिळालेलं. नाहीतर संसदेनं खास कायद्यानं तो अधिकार दिलेल्या संस्थेला. काचेच्या इमारतीतली, मोठ्या नटाचा फोटो लावलेली ‘अकादमी’ स्वतःच्या नावानं पदवी देऊ शकत नाही. ती सर्टिफिकेट देते, नाहीतर कुणाशी तरी ‘टाय-अप’ करते. म्हणून पहिला प्रश्न असा विचारायचा: शेवटी जो कागद हातात पडेल त्याच्यावर कुठल्या विद्यापीठाचं नाव असेल? उत्तर परराज्यातल्या खासगी विद्यापीठाचं आलं तर कान टवकारा. खासगी विद्यापीठांना बाहेरच्या कॉलेजांना संलग्नता देता येत नाही, तसा यूजीसीचा नियमच आहे. मान्य विद्यापीठांची यादी यूजीसीच्या संकेतस्थळावर असते आणि बोगस विद्यापीठांचीही वेगळी असते. दोन्ही याद्या चाळायला पाच मिनिटं लागतात.

आता गंमत बघा. या देशातली सिनेमा शिकवणारी सगळ्यात मानाची संस्था कित्येक दशकं पदवी देतच नव्हती. एफटीआयआय १९६० साली सुरू झाली, लॉ कॉलेज रस्त्यावर, प्रभात स्टुडिओच्या जागेत. तिथून बाहेर पडणाऱ्याच्या हातात डिप्लोमा असायचा. पुढे भारतीय विद्यापीठ संघानं तीन वर्षांचा डिप्लोमा पदव्युत्तर पदवीच्या तोडीचा मानला, आणि २०२५ मध्ये एफटीआयआय आणि कोलकात्याची संस्था या दोघींना अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. तोवर तिथून शिकून गेलेल्यांचं काही अडलं नव्हतं.

अडलं नाही, कारण सेटवर मार्कशीट कुणी मागत नाही. पदवी लागते ती दुसऱ्या कामांसाठी: परदेशात पुढे शिकायला, नेट ही पात्रता परीक्षा देऊन प्राध्यापक व्हायला, स्पर्धा परीक्षेला, आणि सिनेमा नाहीच जमला तर दुसरीकडे वळायला. ही कारणं क्षुल्लक नाहीत. उलट, पोरगा बारावीनंतर थेट सिनेमाकडे जाणार असेल तर पदवी मान्यताप्राप्त असलीच पाहिजे असं मी म्हणेन. पण पदवी आहे म्हणून काम मिळेल, ही समजूत आधीच काढून टाकलेली बरी.

खुर्ची कुठली हवी?

‘सिनेमा करायचाय’ म्हणजे बहुतेकांच्या मनात ‘दिग्दर्शक व्हायचंय’ असतं. पण सिनेमाच्या युनिटमध्ये दिग्दर्शक एकच असतो आणि बाकी शंभर माणसं दुसरं काही करत असतात. सरकारी संस्थांमध्ये प्रवेश घेतानाच हा प्रश्न समोर येतो. एफटीआयआयमध्ये दिग्दर्शन आणि पटकथा, छायालेखन, संकलन, ध्वनी, कलादिग्दर्शन, अभिनय, पटकथालेखन असे वेगवेगळे अभ्यासक्रम आहेत आणि एकेका ठिकाणी जागा साधारण दहाबाराच. कोलकात्यात या यादीत निर्मितीही आहे, म्हणजे पैसा, वेळापत्रक, करार, वितरण. ॲनिमेशनही आहे. निर्मितीकडे आपली मराठी मुलं फारशी बघत नाहीत. मराठी सिनेमाला मात्र हिशेब समजणारा माणूस दिग्दर्शकापेक्षाही जास्त हवा आहे. असो, तो वेगळा विषय.

इथे एक भीती सगळ्यांना असते: आज संकलन घेतलं तर जन्मभर संकलनच करावं लागेल का? नागपूरचे राजकुमार हिरानी एफटीआयआयमध्ये संकलन शिकले. ‘किल्ला’ दिग्दर्शित करणारे अविनाश अरुण छायालेखनाचे विद्यार्थी. दार बंद होत नाही. उलट ज्याच्या हातात एक कसब पक्कं आहे त्याचं पोट दिग्दर्शनाची संधी येईपर्यंत भरत राहतं. ध्वनीचं तर विचारूच नका. मराठीत चांगले ध्वनिमुद्रक शोधताना निर्मात्यांची जी धावपळ होते ती मी जवळून बघितली आहे, पण अर्ज करणाऱ्यांची रांग नेहमी दिग्दर्शनाच्या दारात.

बीएच्या कोर्सांमध्ये साधारणतः पहिल्या वर्षी सगळ्यांना सगळं शिकवतात आणि पुढे एक विषय निवडायला लावतात. सतराअठराव्या वर्षी स्वतःचा कल ठाऊक नसणाऱ्यासाठी ही पद्धत चांगली आहे. फक्त विचारून घ्या की निवड खरोखर विद्यार्थ्याची असते का. दिग्दर्शनाला सगळ्यांनीच हात वर केला की जागा गुणांवर ठरतात, आणि उरलेल्यांना जिथे जागा शिल्लक असेल तिथे पाठवतात.

माहितीपत्रक मिटा

आता मुख्य गोष्ट. कॉलेज चांगलं की वाईट हे कशावरून ओळखायचं?

माहितीपत्रकात कॅमेऱ्यांची नावं असतात, स्टुडिओचे फोटो असतात, दोनचार मोठ्या दिग्दर्शकांसोबतचं दीपप्रज्वलन असतं. ते सगळं बाजूला ठेवा आणि तिथल्या विद्यार्थ्यांनी शेवटच्या वर्षाला केलेल्या फिल्म मागा. डिप्लोमा फिल्म, ग्रॅज्युएशन फिल्म, जे नाव असेल ते. गेल्या तीन वर्षांतल्या, आणि संस्थेनं निवडून दिलेल्या दोन नव्हे, निदान सातआठ. कित्येक फिल्म इंटरनेटवर असतातच. एका संस्थेच्या पाचसहा फिल्म सलग बघितल्या की कळायला लागतं. सगळ्या फिल्म एकमेकींसारख्या दिसतात का? सगळ्यांत एकच उदास मुलगा खिडकीत सिगारेट ओढतोय का? संवाद ऐकू येतात का? (हे शेवटचं फार महत्त्वाचं. चित्र आजकाल कुणाचंही बरं येतं. शिकवणीची खरी परीक्षा आवाजात होते.)

आणि मग फिल्म संपली म्हणून बंद करू नका. श्रेयनामावली शेवटपर्यंत वाचा. छायालेखक विद्यार्थी आहे की बाहेरून पैसे देऊन आणलेला व्यावसायिक? संकलन कुणी केलं? ध्वनी कुणी केला? विद्यार्थ्यांच्या फिल्ममध्ये मोक्याच्या जागी बाहेरची माणसं दिसली, तर फिल्म देखणी असेल पण मुलं शिकली नाहीत. एकाच मुलाचं नाव सहा ठिकाणी दिसलं, तर बाकीची मुलं काय करत होती हेही विचारा. याउलट एकाच बॅचची नावं आलटून पालटून दिसत असतील, म्हणजे या फिल्मचा दिग्दर्शक दुसरीत बूम (माइकची लांब काठी) धरून उभा आणि तिसरीत प्रॉडक्शन सांभाळतोय, तर ती जागा बरी आहे असं समजा. तिथे मुलं एकमेकांच्या फिल्म करतात. पुढची वीस वर्षं त्यांची कामं बहुतेक याच ओळखींतून येणार असतात.

मोठं उदाहरण हवं असेल तर उमेश कुलकर्णींची ‘गिरणी’ शोधा. एफटीआयआयमधली ही डिप्लोमा फिल्म, तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. घरात पिठाची गिरणी येते, एवढीशी गोष्ट. विद्यार्थ्याची फिल्म कुठवर जाऊ शकते याचं माप म्हणून ती बघावी.

यानंतर प्रत्यक्ष कॉलेजात जाऊन विचारायच्या गोष्टी. तीन वर्षांत माझ्या मुलाच्या हातून स्वतःच्या किती फिल्म होतील, आणि दुसऱ्यांच्या किती फिल्मवर तो काम करेल? एका बॅचला कॅमेरे किती? तीस मुलांत एक चांगला कॅमेरा असेल तर त्याला फक्त हात लावून दर्शन घेतल्यासारखं होतं. शिकवणारे पूर्णवेळ किती आणि ‘गेस्ट’ किती? गेस्ट वाईट असतात असं नाही. चालू काम करणारा छायालेखक दोन दिवसांत जे सांगून जातो ते पुस्तकात नसतं. पण त्याचं शूटिंग लागलं की तो येत नाही, आणि फिल्म अडकली असताना रात्री दहाला फोन उचलणारा माणूस पूर्णवेळचाच असतो.

दोन गोष्टी सहसा कुणी विचारत नाही. पहिली: फिल्मचा खर्च कोण करतं? पुष्कळ ठिकाणी फी भरूनही शेवटच्या फिल्मचा खर्च, म्हणजे कलाकार, लोकेशन, जेवणखाण, गाडी, मुलाच्या खिशातून होतो. मग ज्याच्या घरी पैसा त्याची फिल्म देखणी. आमच्या नात्यातल्या एका मुलीनं हे तिसऱ्या वर्षी अनुभवलं आणि शेवटी गावाकडच्या घरात, आजीला नटी करून फिल्म केली. फिल्म चांगली झाली, पण हे आधी माहीत असायला हवं होतं. दुसरी गोष्ट: फिल्मचे हक्क कुणाचे? विद्यार्थी असताना केलेल्या फिल्मची मालकी पुष्कळदा संस्थेकडे राहते. महोत्सवाला पाठवायची तर परवानगी लागते. हे कागदावर काय आहे ते प्रवेशाच्या वेळीच वाचा.

‘शंभर टक्के प्लेसमेंट’ हा शब्द दिसला तर हसून पुढे जा. सिनेमात प्लेसमेंट म्हणजे कुणाच्या तरी हाताखाली सहायक म्हणून पहिलं काम, बहुतेकदा तुटपुंज्या पैशांत. ते मिळवून देणारी संस्था असेल तर चांगलंच आहे, पण ती आयटी कंपनीतली नोकरी नव्हे.

पैशांचं

सरकारी संस्थांची फी आता पूर्वीसारखी नगण्य राहिलेली नाही, तरीही खासगीच्या मानानं पुष्कळ कमी आहे. शिवाय तिथे केंद्राच्या नियमांप्रमाणे आरक्षण आहे. ओबीसी विद्यार्थ्यांनी एक लक्षात ठेवावं: नॉन-क्रीमीलेअरचा दाखला केंद्राच्या नमुन्यातला लागतो आणि जात केंद्राच्या यादीत असावी लागते. राज्याचा दाखला घेऊन गेलेली मुलं ऐनवेळी तहसील कचेरीत धावतात.

खासगीत तीन-चार वर्षांचा सगळा खर्च काही लाखांपासून सुरू होऊन बराच वर जातो. फीबरोबर वसतिगृह, लॅपटॉप, हार्ड डिस्क आणि वर सांगितलेला फिल्मचा खर्च धरा. राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवरच्या शिष्यवृत्त्या आणि फी सवलती मिळतात, पण तो कोर्स आणि ती संस्था यादीत असेल तरच. कर्ज काढणार असाल तर साडेसात लाखांपर्यंत सरकारी बँका साधारणपणे तारण मागत नाहीत. त्यापुढे घर, जमीन किंवा ठेव गहाण पडते. कोर्स संपल्यावर साधारण वर्षभरानं हप्ते सुरू होतात, आणि सिनेमात पहिली दोनतीन वर्षं कमाईची नसतात. हे दोन आकडे शेजारी मांडून बघा. इंजिनीअरच्या कर्जाचं गणित इथे लागू पडत नाही. हप्त्याच्या ओझ्याखाली मुलगा मिळेल ते काम धरतो आणि ज्यासाठी शिकला ते बाजूला राहतं. त्यासाठी शेत विकू नका, एवढं मात्र मी फोनवर प्रत्येकाला सांगतो.

गाव कुठलं?

मुंबईत शिकण्याचा फायदा उघड आहे: काम तिथे आहे, सुट्टीत सेटवर उभं राहता येतं. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, १९६४ पासूनचं, आणि दर उन्हाळ्यात एफटीआयआयचा चित्रपट रसास्वादाचा वर्ग भरतो. प्रवेशाआधी स्वतःला तपासून बघायला तो वर्ग फार चांगला. काही आठवडे सकाळपासून रात्रीपर्यंत सिनेमा बघून आणि त्यावर बोलून कंटाळा आला नाही, तर पुढे जायला हरकत नाही.

पण मोठ्या शहरातच शिकायला हवं असं नाही. नगरच्या, आता अहिल्यानगर म्हणायचं, न्यू आर्ट्स कॉमर्स अँड सायन्स कॉलेजात संज्ञापन अभ्यासाचा विभाग आहे. नागराज मंजुळे तिथे शिकले. मराठीत एमए, मग नगरला संज्ञापन. त्यांच्या ‘पिस्तुल्या’ या लघुपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. जिल्ह्याच्या गावातलं, साध्या फीचं कॉलेज. तिथे येणारी मुलं आपापल्या गावांच्या गोष्टी बरोबर घेऊन येतात, हे भांडवल मुंबईतल्या स्टुडिओत भाड्यानं मिळत नाही.

आणि ‘कोर्ट’ हा सिनेमा करणारे चैतन्य ताम्हाणे कुठल्याच फिल्म स्कूलला गेले नाहीत, इंग्रजी साहित्य शिकले. हा तिसरा रस्ता, आणि आपल्याकडचा सगळ्यात जुना. एफटीआयआय ज्या प्रभातच्या जागेत उभी आहे ती प्रभात उभारणारे शांताराम, दामले, फत्तेलाल कोल्हापुरात बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत काम करत शिकले. पडदे रंगवले, पडेल ते केलं. आजही थेट सहायक म्हणून लागता येतं. मात्र त्यासाठी घरून दोनतीन वर्षं पाठबळ लागतं किंवा मुंबईत डोकं टेकायला जागा लागते, आणि मुलीला एकटीला पाठवताना घरचे जे प्रश्न विचारतात ते कॉलेजचं नाव असलं की जरा कमी होतात. कॉलेजचा हाही एक उपयोग आहे, कुणी उघड बोलत नसलं तरी.

परदेशाबद्दल थोडक्यात. ब्रिटनमधलं एका वर्षाचं एमए ऐकायला सुटसुटीत वाटतं, पण वर्षात शिकायला वेळ कमी आणि खर्च आयुष्यभराचा. तिथे बनलेल्या ओळखी तिथेच राहतात आणि काम करायला तुम्ही परत इथे येता. शिष्यवृत्ती मिळाली तर जरूर जा. स्वतःच्या पैशांनी जाणार असाल तर तेवढ्यात इथे एक आख्खी फिल्म होते का, याचा हिशेब करा.

परीक्षेचं भय

एफटीआयआय आणि कोलकात्याच्या प्रवेशात लेखी परीक्षा, मग निवडलेल्यांसाठी प्रत्यक्ष चाचणी आणि मुलाखत असते. क्लासवाले यासाठीही निघाले आहेत. सिनेमाच्या इतिहासाच्या सनावळ्या पाठ करून थोडे गुण मिळतीलही, पण लिहायला सांगतात तेव्हा बघतात ते तुम्ही जग कसं बघता. मुलाखतीत "आवडता सिनेमा कुठला?" याला जपानी दिग्दर्शकाचं नाव सांगून पुढच्या प्रश्नाला गप्प बसण्यापेक्षा अशोक सराफांचा एखादा सिनेमा सांगून त्यातली वेळेची अचूकता नीट उलगडून सांगणारा मुलगा लक्षात राहतो. पहिल्या खेपेला नाही झालं तर दुसऱ्यांदा बसा. तिथे पंचविशीतली, नोकरी सोडून आलेली मुलंही असतात.

शेवटी, कॉलेज बघायला जाल तेव्हा त्यांच्या ‘ओपन डे’ला जाऊ नका. सेमिस्टरच्या मधल्या एखाद्या मंगळवारी, संध्याकाळी सातनंतर जा. संकलनाच्या खोल्यांत दिवे आहेत की कुलपं, ते बघा. मग कॅमेरे जिथून देतात त्या स्टोअरमध्ये जा आणि तिथल्या माणसाशी दोन गोष्टी बोला. त्याच्याकडे एक वही असते, कुणी कधी काय नेलं आणि कधी परत आणलं त्याची. बघू देत असेल तर गेल्या महिन्याची पानं उलटा आणि पहिल्या वर्षाच्या मुलांची नावं शोधा.